गाडीची शिट्टी आणि माझी शिट्टी

आमच्या फाटकाचा डावा खांब दोन वर्षांपूर्वी सरळ उभा होता. आता तो रस्त्याकडं वाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालतो. आमच्या कुंभारी गावातली माणसं म्हणतात, तिथली जमीन खचली. मी त्यांना म्हणू देतो. तो खांब मी वाकवला. एकट्यानं, हातसुद्धा न लावता.

मी कोण ते आधी सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी अडतीस वर्षं जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. माझा लौकिक असा, की मी शेडच्या दारात पाऊल टाकलं की बंद पडलेले माग घाबरून आपणहून सुरू व्हायचे. हा लौकिक मीच पसरवला होता, पण पसरला होता हे खरं.

शेडमध्ये चाळीस माग एकदम चालायचे. बाहेर वीज पडली तर आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळायचं. त्यामुळं आमचं बोलणं हातानं. दोन बोटं ओठाला लावली की चहा. डोक्यावर टोपी घातल्यासारखं केलं की मालक आला. तळहात उभा धरून पुढं केला, की असशील तसा माग थांबव. उरलेलं सगळं ओठ बघून. वीस हातांवरून कुणी शिवी दिली तर मी ओळखायचो, आणि ती मला दिली की मागाला, हेही ओळखायचो. बहुतेक वेळा मला असायची.

बायको त्याच कारखान्यात, पण भिंतीपलीकडं. ती कांड्या भरायची. मागावर आडवा धावणारा धोटा, त्यात जी सुताची नळी बसते ती कांडी. भिंत जाड होती, म्हणून तिचे कान शाबूत राहिले. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून. ती प्रेमानं मराठीत बोलते आणि रागानं कानडीत. लग्नानंतर पाच वर्षांत मला कानडी उत्तम समजायला लागली.

दर गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं, हा तिचा नेम. पूर्वी एस.टी.नं जायची. मग तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. एस.टी.ची पायरी इतकी उंच असते की ती चढायलाच दुसरी एस.टी. लागावी. डॉक्टरांनी सांगितलं, असल्या पायऱ्या बंद. मग उरलो मी आणि माझी जुनी गाडी. माझा डावा गुडघा क्लच दाबला की असा कडाडायचा की पुढचा स्कूटरवाला बाजू द्यायचा. म्हणून पुण्यातल्या मुलानं स्वतः वापरलेली गाडी आम्हाला आणून दिली. तो तिकडं इंजिनिअर आहे. गाडीला क्लच नाही, गिअरची खटपट नाही. मागं कॅमेरा, पुढं पडदा, बंपरात सेन्सर. मागं काही आडवं आलं तर गाडी स्वतः शिट्टी वाजवते, असं त्यानं समजावून सांगितलं. मी मान डोलवली. जॉबरला कुणी यंत्र शिकवायला लागलं की मान डोलवायची असते.

तो पुण्याला गेला आणि मी गाडी दुरुस्त करायला घेतली. बिघडली नव्हती, पण आमच्या मापाची नव्हती. तरुणपणी माझी उंची साडेपाच फूट होती. त्यातली तीन बोटं मागांनी ओढून घेतली. म्हणून चालकाच्या सीटवर चादर चौपदरी घालून ठेवली. सोलापुरी चादर; ती माझ्या अंगापेक्षा जास्त दिवस टिकणार आहे. आरशांवर भिंगाचे छोटे गोल आरसे चिकटवले, कारण माझी मान आता फक्त होकारासाठी हलते, मागं वळत नाही. बायकोच्या दारावर, वरच्या बाजूला, भंगारात निघालेल्या मागाचा चामडी पट्टा बांधला. ज्या पट्ट्यानं माग धोटा फेकतो तो. तो धरायचा आणि उठायचं. तिच्या सीटवर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरली. आधी बाहेर पाय ठेवून बसायचं, मग पाय उचलून गर्रकन आत फिरायचं. गुडघा वाकवायला नको. पहिल्या दिवशी ती इतकी सुरेख फिरली की मी तिला पलीकडच्या दारातून गोळा केली.

मुलानं हे सगळं पाहिलं तेव्हा तो आधी हसला, मग पिशवीवर बसून त्यानं स्वतः दोनदा फिरून बघितलं, आणि मग फोटो काढले. त्याच्या ऑफिसात ते फोटो फिरले म्हणे. मला त्याचं कौतुक नाही. जॉबरचं काम फिरतंच.

फक्त शिट्टीचं मला काही करता आलं नाही, कारण ती मला ऐकूच येत नव्हती.

हे मला माहीत नव्हतं, हे लक्षात घ्या. मागाचा कायदा असा असतो: सूत तुटलं की एक पत्री खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. म्हणजे आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक, आवाज थांबला की पळा. अडतीस वर्षं मी या कायद्यावर जगलो. गाडीचा कायदा नेमका उलटा. सगळं ठीक असेल तर ती गप्प. काही जवळ आलं की पीक-पीक. अगदी जवळ आलं की एकच लांब शिट्टी, न थांबता.

आता माझ्या कानात गेली वीस वर्षं एक शिट्टी आहे. शेडनं मला बक्षीस दिलेली. ती बारीक आहे, न थांबणारी आहे, आणि मी तिला इतका सरावलोय की ती वाजते हेच विसरून गेलो होतो. पुण्यातल्या कुण्या कारागिरानं गाडीला जी शिट्टी बसवली ती बरोब्बर त्याच सुरातली निघाली. पीक-पीक असतं तेव्हा मला कुठंतरी लांब डास असल्यासारखं वाटायचं. खांब अगदी जवळ आला की दोन्ही शिट्ट्या एकात एक मिसळून जायच्या, आणि डाससुद्धा जायचा. म्हणजे गाडी जेव्हा जिवाच्या आकांतानं ओरडायची, तेव्हा मला एकदम निवांत वाटायचं. आणि पडद्यावर बघायचं म्हणाल, तर सोलापूरचं ऊन त्यावर पडलं की त्यात माझंच तोंड दिसायचं. ते मी रोज बघतो.

पहिल्यांदा खांब लागला तेव्हा मी मुलाला सांगितलं की म्हैस धडकली. दुसऱ्यांदा सांगितलं की तीच म्हैस परत आली. तिसऱ्यांदा टेम्पो सांगितला, कारण म्हशीवर फार झालं असतं. हे सगळं माझ्या वतीनं फोनवर बायकोच सांगायची. मी फोनवर येतच नव्हतो. फोनवर ओठ दिसत नाहीत. मी लांबून ओरडायचो, नेटवर्क नाही म्हणून.

दिवाळीला मुलगा आला आणि गाडीच्या मागं उकिडवा बसला. तिन्ही डाग एकाच जागी, एकाच उंचीवर, आणि त्यात खांबाचा पिवळा रंग. पिवळी म्हैस त्यानं पुण्यात राहूनही पाहिली नव्हती. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "अप्पा, अजून एक डाग दिसला की गाडी मी पुण्याला घेऊन जाणार. लागली कुणाला म्हणजे?"

आवाज चढवला नव्हता. माझ्यासमोर तोंड करून बोलला, म्हणून मला नीट कळलं. मी म्हणालो, खांब चुकीच्या जागी आहे. त्यानं खांबाकडं बघितलं. खांबानं रामराम घातला.

गाडी गेली तर तिचे गुरुवार गेले, हे मला कळत होतं. आणि माझंही काही तरी गेलं असतं. निवृत्त जॉबरला गावात कुणी विचारत नाही. गाडीवाल्या म्हाताऱ्याला निदान बाजूला हो म्हणतात.

त्याच आठवड्यात बायकोला शोध लागला. एरवी गाडी बाहेर काढून झाल्यावर ती बसायची; त्या दिवशी ऊन होतं म्हणून अंगणातच गाडीत बसली. मी गाडी मागं घ्यायला लागलो. तिनं माझ्याकडं बघितलं, मी निवांत होतो. ती म्हणाली, "वाजतंय की."

मी गाडी थांबवली आणि तिच्या ओठांकडं बघून विचारलं, काय वाजतंय.

तिनं हाताची पाचही बोटं गाडीच्या पडद्यासमोर उघडली-मिटली, उघडली-मिटली, वाजतंय, वाजतंय अशी. जेवताना तिनं मीठ मागितलं की मी दिलेलं लोणचं, नातेवाइकांच्या बारशाला मी दिलेली भलतीच उत्तरं, दारावरची बेल, सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकताना दिसलं. मग ती कानडीत बोलली. ते मी इथं लिहीत नाही. थोडक्यात असं, की एवढं मोठं सोंग एवढी वर्षं वठवायला जितकी अक्कल लागते तितकी मी खांबावर खर्च केली असती तर खांब सरळ असता.

मी म्हणालो, मुलाला सांगू नकोस. कानाचं कळलं तर तो आजच किल्ली घेईल.

तिनं सांगितलं नाही. तिनं वेगळंच केलं. पुढच्या गुरुवारपासून मी गाडी मागं घ्यायला लागलो की तिचा उजवा हात माझ्या गुडघ्यावर यायचा. गाडी पीक करेल तितक्यांदा ती एक बोट आपटायची. पीक-पीक जोरात झालं की बोटही जोरात. लांब शिट्टी लागली की चिमटा. तिचा चिमटा म्हणजे सांडशीचा चिमटा. माझा गुडघा ऑपरेशनशिवाय बरा झाला तो त्या चिमट्यांनी. सहा महिने आम्ही असे अक्कलकोटला जाऊन आलो. खांब वाचला. बंपर वाचला. लोकांना वाटायचं, म्हातारा-म्हातारीचं या वयात काय चाललंय.

उन्हाळ्यात मुलगा चार दिवसांसाठी आला. मधला वार गुरुवार. तो म्हणाला, मी पण येतो, गाडी तुम्ही चालवा, मी बघतो. आणि बायकोला म्हणाला, आई, तू मागं बस, पाय पसरून, ऐसपैस. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. तिचा हात मागच्या सीटवरून माझ्या गुडघ्यापर्यंत पोचणार नव्हता. माझ्या चौपदरी चादरीला त्या दिवशी पहिल्यांदा घाम फुटला.

रस्त्यानं मी गाडी अशी चालवली की पुस्तकात छापावी. चाळीसच्या पुढं काटा नाही. आम्हाला एका बैलगाडीनं ओव्हरटेक केलं. मुलगा पडद्याकडं बघायचा, आरशाकडं बघायचा, काही बोलायचा नाही. त्याचा बेत असा होता की आपण एक शब्द बोलायचा नाही. ते मला नंतर कळलं.

अक्कलकोटला पार्किंगच्या मैदानात गुरुवारची गर्दी. नव्या गाड्या लोक स्वामींना दाखवायला आणतात. अशी एक पांढरी जीप आमच्या मागच्या रांगेत उभी होती. बॉनेटला झेंडूचा हार, काचेवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. एका जागेत मला गाडी मागं घालायची होती. पार्किंगचा माणूस शिट्टी तोंडात धरून हात हलवत होता, या, या. त्याची शिट्टी मोठी, ती मला ऐकू येत होती. मग त्याला दुसरीकडून कुणी हाक मारली आणि तो शिट्टी वाजवतच तिकडं गेला. जीपवाल्यांची सून नारळ फोडायला जीपच्या पुढं वाकली होती. गोल आरशात ती मला दिसली, आणि उठून बाजूला झालेलीही दिसली. मी गाडी मागं घेतली. कुठंतरी लांब डास. आणि मग डासही नाही. सगळं निवांत.

इतकं निवांत वाटल्यावर माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आतल्या आरशात एक तळहात वर आला. उभा, पुढं केलेला. असशील तसा थांबव.

मी विचार केला नाही. माझ्या पायानं केला असेल. अडतीस वर्षं तो तळहात दिसला की मी माग थांबवलाय; गाडी थांबली तेव्हा मला वाटलं सगळं मैदान थांबलं. मुलगा खाली उतरून मागं गेला. मीही उतरलो. जीप आणि आमच्या बंपरमध्ये चार बोटांचं अंतर. जीपच्या हारातलं एक झेंडूचं फूल आमच्या बंपरला चिकटलं होतं. जीप मात्र कोरी. हे फुलाचं मी वाढवून सांगतोय असं बायको म्हणते. चार बोटांचं ती मान्य करते.

मुलगा परत आला तेव्हा तिचा हात अजून तसाच वर होता. ती खाली घ्यायलाच विसरली होती. त्यानं हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अप्पा, गाडी केवढ्यांदा वाजत होती. ऐकू आलं?"

माझ्याकडं तीन उत्तरं तयार होती. एक, पार्किंगवाल्याच्या शिट्टीनं घोळ केला. दोन, पडद्यावर ऊन होतं. तीन, मी थांबणारच होतो. जॉबरचा हात किती जवळ जाऊ शकतो ते दाखवत होतो. तिन्ही झकास. तिसरं तर मला स्वतःलाही पटलं होतं. मी तोंड उघडलं, आणि जीपच्या पुढं फुटलेल्या नारळाचं पाणी सांडलेलं दिसलं. आमच्या चाकापासून हातभर. जिथं ती सून वाकली होती तिथं.

"न्हाय," मी म्हणालो. "येत न्हाय ऐकू."

मागच्या सीटवरून बायकोनं हात खाली घेतला. "सहा महिने झालं," ती म्हणाली, "मीच वाजतेय."

मुलानं हात पुढं केला आणि मी किल्ली दिली. मग आम्ही दर्शन घेतलं. बायको जरा जास्त वेळ उभी राहिली. काय मागितलं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. येताना गाडी त्यानं चालवली. मी मागं बसलो. मागं मी पहिल्यांदाच बसलो होतो. उतरताना माझ्या असं लक्षात आलं की पट्टा मी एकाच दारावर बांधलाय, आणि मागच्यांचे हाल होतात.

घरी आल्यावर मायलेक स्वयंपाकघरात बोलले, माझ्याकडं पाठ करून. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तासाभरानं निकाल बाहेर आला. मुलगा माझ्यासमोर बसला, तोंड माझ्याकडं करून, शब्द सुटे सुटे करून बोलला. आधी कानाचे डॉक्टर. मशीन देतील ते घालायचं. मशीनशिवाय गाडीला हात नाही. एकट्यानं गाडी काढायची नाही. किल्ली आईकडं. यातलं एक जरी मोडलं तर तो त्याच दिवशी येऊन गाडी नेणार. मी विचारलं, शिट्टीचा आवाज वाढवता येत नाही का. त्यानं पडद्यावर बोटं फिरवून आवाज शेवटापर्यंत नेला आणि गाडी खांबाजवळ नेऊन दाखवली. गल्लीतली कुत्री पळाली. शेजारी बाहेर आले. मला तेवढाच डास.

डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी आधी अंदाजानं दाबत होतो, ओळीनं, सारख्या अंतरानं, मागाच्या लयीत. डॉक्टर बाहेरून म्हणाल्या, आजोबा, आता मी आवाज सोडतच नाहीये. ओठांवरून मला कळलं. त्यानंतर मी खरं खरं दाबलं. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. जाड आवाज बरे होते, बारीक आवाजांची रेघ पार खाली गेली होती, विहिरीत पोहरा सोडावा तशी.

मशीन घातल्यावर पहिल्यांदा माझी स्वतःची चप्पल ऐकू आली. मी दोनदा अख्खं अंग मागं वळवून बघितलं, कोण येतंय म्हणून. मग कळलं की बायको काम करताना गुणगुणते. चाळीस वर्षं गुणगुणत असणार. मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, "तुमी ऐकायला लागलात, आता बंद करणार हाय." अजून केलेलं नाही. आणि गाडीची शिट्टी ऐकली. कानातली वेगळी आणि गाडीतली वेगळी, दोघी शेजारी शेजारी, सवतींसारख्या. मी मुद्दाम खांबाजवळ गाडी नेली, थांबवली, आणि बसून राहिलो. बायको शेजारी होती. तिचं बोट गुडघ्यावर नव्हतं. पदराच्या टोकाशी चाळा करत होतं.

आता किल्ली तिच्या कमरेला असते, कपाटाच्या किल्ल्यांबरोबर. दर गुरुवारी सकाळी मी चादर झटकतो, पिशवी पुसतो, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. मग ती मला तपासते. हळू आवाजात काहीतरी विचारते. मी बरोबर उत्तर दिलं तर किल्ली. पहिल्या गुरुवारी तिनं विचारलं, दूध उतू गेलं का. दुसऱ्या गुरुवारी, आज वार कुठला. आवाज दर आठवड्याला एक धागा बारीक करते. परवा तर इतका बारीक होता की उंदरानं दुसऱ्या उंदराला सांगावं. मशीनची बॅटरी त्या दिवशी उतरत आली होती. काय विचारलं ते मला कळलं नाही, आणि तीन उत्तरं तर नेहमीसारखी तयार होती. मी म्हणालो, ऐकू आलं नाही, बॅटरी बदलतो. बदलून आलो. तिनं परत विचारलं, मी उत्तर दिलं, आणि तिनं किल्ली मागच्या मागं, न वळता, माझ्या हातात ठेवली.

हे सगळं ती ओट्याकडं तोंड करून करते. मी तिला एकदा म्हणालो, जरा माझ्याकडं बघून विचारलंस तर काय बिघडेल. पण ती त्याच कारखान्यात होती. शेडमधली माणसं ओठ कशी वाचतात ते तिला माहीत आहे, म्हणूनच ती पाठ फिरवून उभी राहते.